पहिल्या क्रमांकाची मागणी

सहदेव लवू परब फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होते आणि बोरिवलीच्या प्रवासी मंडळाचे चिटणीस होते. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळे, दुसऱ्या कामामुळे लोक नमस्कार करत. विचारलं असतं तर त्यांनी दुसरं काम आधी सांगितलं असतं.

मंडळाचं खरं काम वर्षातून एकदाच असे. दिल्लीत रेल्वेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडलं जाई. त्याआधी, डिसेंबरात, मंडळ एक निवेदन तयार करी आणि जानेवारीत ते आपल्या भागातल्या खासदार-आमदारांना देई. कोणत्या सोयीला पैसे आधी मिळावेत, कोणत्या नंतर, अशा नऊ मागण्या, एका फुलस्केप कागदावर. सत्तेचाळीस सालापासून सहा वर्षं हा कागद सहदेवरावांनीच लिहिला होता. त्यासाठी ते रविवारी फलाटावर उभे राहून माणसं मोजत, नळाला लागलेली रांग मोजत, छपराबाहेर किती जण उभे राहतात तेही टिपून ठेवत.

मागण्यांचा क्रम हे मात्र त्यांचं गुपित होतं. पहिली मागणी ठरलेली असे: सकाळच्या वेळी बोरिवलीहून तीन जादा गाड्या आणि त्यांच्यासाठी नवे डबे. डबे परदेशातून यायचे, ते काही मिळायचे नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मोठी मागणी एकदा नाकारली की नाकारणाऱ्याला जरा ओशाळल्यासारखं होतं आणि तो तळातलं काहीतरी देऊन मोकळा होतो, असा त्यांचा हिशेब होता. तो दर वर्षी बरोबर निघाला होता. आठव्या क्रमांकाचा नळ मिळाला होता, नवव्या क्रमांकाची बाकं मिळाली होती, मागच्याच वर्षी सातव्या क्रमांकाचा दिवा लागला होता. हा हिशेब त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. अध्यक्ष श्यामसुंदरराव कारखानिसांनाही नाही, बायकोला, जानकीबाईंनाही नाही.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यानंतर गिल्बर्ट रोझारिओ मंडळात आला.

तो गोराईचा. खाडी होडीतून ओलांडून रोज बोरिवलीला यायचा आणि पुढे बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीत टायपिस्ट म्हणून जायचा. वय तीस-बत्तीस. सभेला पहिल्यांदा आला तो उशिरा, आणि आल्याआल्या म्हणाला, "सॉरी हां, होडीवाल्याला टाइमटेबल नाय. त्याच्यासाठी पण एक अर्ज टाका ना!" सगळे हसले. सहदेवराव इतिवृत्त लिहीत होते. सहा वर्षांत आपल्या सभेत कुणी हसल्याचं त्यांना आठवेना.

गिल्बर्टची एकच मागणी होती. स्टेशनच्या उत्तर टोकाला पूल नव्हता. गोराईच्या बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन येत. दक्षिणेकडच्या पुलापर्यंत वळसा घालण्यापेक्षा सरळ रूळ ओलांडत. त्याची आई क्लारा त्याच वर्षी खडीवर घसरून पडली होती. तेव्हापासून तिचा उजवा पाय नीट टेकत नव्हता.

"गाडीखाली नाय आली एवढंच," गिल्बर्ट म्हणाला. "पण दर वेळी देव काय उत्तर टोकालाच ड्यूटीवर असणार?"

सभा एकदम त्याच्या बाजूची झाली. गिरणीत काम करणारा गुणाजी म्हणाला, "ह्येका म्हणतत बोलणं! आपण इतकी वर्षां नुसती पत्रां लिवतंव." सहदेवरावांनी मान वर केली नाही. ती पत्रं त्यांनी लिहिली होती.

त्यानंतर त्यांना सुख म्हणून राहिलं नाही. गिल्बर्ट आल्याशिवाय श्यामसुंदरराव सभा सुरू करीनात. एका सभेत अध्यक्षांनी गिल्बर्टचं नाव किती वेळा घेतलं ते सहदेवरावांनी मोजलं. अकरा वेळा. चिटणिसांचं दोन वेळा, त्यातलं एकदा खिडकी बंद करायला. जे पत्र लिहायला सहदेवरावांना अख्खी संध्याकाळ लागे, ते गिल्बर्ट जेवणाच्या सुट्टीत टाइप करून आणी, आणि त्यात एकही खाडाखोड नसे. सहदेवरावांनी ते पत्र उजेडाकडे धरून पाहिलं. खरंच नव्हती.

नाताळच्या आधी गिल्बर्टने सहदेवरावांच्या घरी बोंबील आणि तिसऱ्या शिंपल्या पाठवल्या. जानकीबाईंनी तिसऱ्यांचं सुकं केलं आणि जेवताना म्हणाल्या, "मुलगो चांगलो हा हो. गोराईसून इतक्या लांब धाडल्यान."

"मासे काय, कुणीही पाठवील," सहदेवराव म्हणाले.

"मग इतकी वर्षां कोणी कसे नाय पाठवले?"

ते ताटावरून उठले ते हात धुवायलाच. तिसऱ्या मात्र संपल्या होत्या.

निवेदनाचा कागद लिहायला बसले तेव्हा त्यांच्या मनात तो विचार आला, आणि आला तो इतका सहज, की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. गिल्बर्टचा पूल तळाला टाकला असता तर तो मिळाला असता. मधे टाकला असता तर लोक म्हणाले असते, चिटणिसांच्या पोटात दुखतंय. त्यांनी तो पहिल्या क्रमांकावर लिहिला. नाकारण्याच्या जागेवर. सहा वर्षं तिथे असलेल्या गाड्या दुसऱ्या क्रमांकावर उतरवल्या. नव्या छपराची मागणी, जी त्यांनी स्वतः दोन वर्षं माणसं मोजून तयार केली होती, ती आठव्या क्रमांकावर ठेवली. तिथे ती सुरक्षित होती.

सभेत त्यांनी मसुदा वाचला. पहिल्या क्रमांकाला पूल ऐकून सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग श्यामसुंदररावांनी टाळी वाजवली. "परब, मन मोठं लागतं हो असं करायला!"

गिल्बर्टने उठून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "परबसाहेब, आईला सांगतो. आज तुमच्यासाठी मेणबत्ती लावेल ती."

"त्यात काय," सहदेवराव म्हणाले. हात सोडवून घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात दोन खासदार आणि एक आमदार आले. दर वर्षी ते यायचे, पहिली मागणी वाचायचे, डब्यांना परकीय चलन लागतं वगैरे सांगायचे, चहा घ्यायचे आणि कागद खिशात घालून जायचे. सहदेवराव भिंतीजवळ उभे होते. गिल्बर्ट पुढे, आईच्या शेजारी बसला होता. क्लाराने लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं होतं आणि पाय पुढे लांब करून ठेवला होता.

थोरल्या खासदारांनी चष्मा लावला. "पूल?" ते म्हणाले. "दर वर्षी तुम्ही डबे मागता. ह्या खेपेला पूल?"

सहदेवरावांनी मनात पुढचं वाक्य म्हणूनही टाकलं: निधीअभावी विचार करता येत नाही.

"म्हणजे काहीतरी होण्यासारखं मागितलंत की!" खासदार म्हणाले. "प्रवाशांच्या सोयींसाठी वेगळी रक्कम ठेवलेली असते, त्यात हे बसेल. बाई, तुम्ही रोज ओलांडता?"

"जाताना एकदा, येताना एकदा," क्लारा म्हणाली. "आता ओलांडत नाय, आता सून ओलांडते. मी घरी बसून तिची वाट बघते. रूळ ओलांडण्यापेक्षा ते कठीण."

खासदारांनी तांबडी पेन्सिल काढली. "एका स्टेशनाला एका वर्षी एकच काम मागायचं. दहा मागितली की अधिकारी सोपं असेल ते उचलतात आणि आमच्या तोंडाला पानं पुसतात. बाकीची नंतर." असं म्हणून त्यांनी दोनपासून नऊपर्यंतच्या सगळ्या मागण्यांवर एक उभी रेघ मारली. रेघ छपरावरून गेली तेव्हा सहदेवरावांना ती पाठीतून गेल्यासारखी वाटली.

जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं.

अभिनंदनाची सभा रविवारी दुपारी झाली. हार एकच आणला होता आणि तो गिल्बर्टच्या गळ्यात पडणार, अशी मनाची तयारी सहदेवरावांनी केली होती. पण गिल्बर्ट उभा राहून म्हणाला, "हार परबसाहेबांना. सहा वर्षांची मागणी खाली सरकवून माझ्या आईला वर बसवलं त्यांनी. मी त्यांच्या जागी असतो ना, तर केलं नसतं."

हार गळ्यात पडला. लोक टाळ्या वाजवत होते. आपल्याला हवं होतं ते हेच, असं सहदेवरावांना कळत होतं, आणि तेही गिल्बर्टच्याच हातून मिळालं होतं. ते त्यांना सोसेना. कष्टाने जमवलेलं आपलं छप्पर गेलं, पूल त्याला मिळाला, आणि वर मनाचा मोठेपणाही त्याचाच.

सभा संपल्यावर गिल्बर्ट होडीकडे निघाला, तसे ते त्याच्याबरोबर चालू लागले. मिठागरांच्या बांधाशी आल्यावर सहदेवराव थांबले.

"गिल्बर्ट, एक सांगायचंय. तुझा पूल मी वर घातला तो नाकारला जावा म्हणून."

गिल्बर्ट हसला. "काय साहेब, मस्करी करता!"

"मस्करी नाही." त्यांनी सगळं सांगितलं. ओशाळण्याचा हिशेब, नळ, बाकं, दिवा. अकरा वेळा घेतलेलं नावही सांगितलं. ते सांगताना त्यांची जीभ अडखळली, कारण मोठ्याने उच्चारल्यावर ते फारच लहान वाटत होतं.

त्यांना वाटलं, आता हा भडकणार. भडकला असता तर बरं झालं असतं, निदान बरोबरीचे तरी झालो असतो.

गिल्बर्टने होडीत चढण्यासाठी चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाला, "आणि गाड्या?"

"गाड्यांचं काय?"

"सहा वर्षं तुम्ही गाड्या वर लिहिल्यात. लोकांना वाटायचं, आपले परब आपल्यासाठी भांडतात. तो गुणाजी सकाळी दरवाज्याला लटकून गिरणीत जातो. त्याच्या गाड्या पण तुम्ही नाकारल्या जाव्यात म्हणूनच वर लिहीत होता?"

सहदेवरावांनी हा हिशेब त्या बाजूने कधी मांडलाच नव्हता. होडीवाल्याने हाक मारली. गिल्बर्ट होडीत बसला. त्याने मागे वळून हात केला नाही.

पुढचे सहा महिने सहदेवराव रोज वाट पाहत होते, की हे प्रकरण आता फुटेल. गुणाजी नमस्कार करायचं थांबवील. श्यामसुंदरराव इतिवृत्ताची वही मागतील. काहीच झालं नाही. गिल्बर्ट फलाटावर दिसला की मान हलवायचा, पूर्वीइतकी नाही, पण हलवायचा. त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आपण त्याच्या जागी असतो तर पहिल्याच सभेत सांगितलं असतं, हे सहदेवरावांना चांगलं माहीत होतं, आणि आता त्यांना त्याच्या गप्प बसण्याचाही हेवा वाटू लागला.

डिसेंबरात सभा भरली. चिटणिसाची निवड आधी होती. श्यामसुंदरराव म्हणाले, "ह्या वर्षी गिल्बर्टलाच करूया म्हणतो मी. तरुण आहे, नशीबवान आहे."

"आणि टाइपरायटर पण आसा!" गुणाजी ओरडला. लोक हसले. सहदेवरावांनी वही मिटली आणि पुढे सरकवली.

"नको," गिल्बर्ट म्हणाला. "होडीवाला मला कुठल्याही सभेला वेळेवर पोचू देणार नाय. परबसाहेबच असू दे. फलाटावर उभं राहून माणसं मोजणारा दुसरा कोण आहे आपल्यात? फक्त एक करा. कागद घरून लिहून आणू नका. इथेच लिहा, सगळ्यांच्या पुढ्यात. आणि पहिली मागणी कुठली, ते विचारून लिहा."

त्याचा आवाज साधा होता. सभेतल्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. श्यामसुंदरराव म्हणाले, "उत्तम सूचना!" आणि गिल्बर्टचं नाव आणखी एकदा घेतलं. सहदेवरावांच्या मनाने ते नेमानं मोजलं.

वही त्यांनी परत ओढून घेतली. कोरं पान काढलं, वर तारीख घातली, खाली एक आकडा लिहिला आणि त्यापुढे टिंब दिलं. मग मान वर करून, चिटणीस झाल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी सभेला विचारलं, "बोला, पहिली कोणती?"

सभेला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग गुणाजी उठला. "गाड्यो. दुसरा काय? पण ह्या वर्षी नुसता लिवा नको, परबांनू. माझो पाय रोज दारात कसो ऱ्हवता, ता पण लिवा."

"किती वाजताची गाडी?" सहदेवरावांनी विचारलं, आणि गुणाजीने सांगितलेली वेळ लिहून घेतली.