ऑपरेटरकाकांचा परतीचा रस्ता

ऑपरेटरकाका सिनेमा एका जागी बसून पाहूच शकत नसत. दर वीसेक मिनिटांनी चित्राच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका येई आणि काका खुर्चीतून उठत. मिरजेच्या थिएटरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मशीन चालवलं होतं. तो ठिपका म्हणजे रीळ संपत आल्याची, दुसरं मशीन सुरू करण्याची खूण. परदेशात, हॅमिल्टनला मुलाच्या घरी मशीन कुठलं? काका इकडेतिकडे बघत, पाणी पीत आणि परत बसत.

सिनेमा एकच. हजारो गुरं हाकत विक्रीला नेणाऱ्या घोडेस्वारांचा, जुना, काळा-पांढरा. वाटेत पाणी नाही, गुरं उधळतात, माणसं मरतात. आणि जो परत जातो म्हणेल त्याच्यावर मालक बंदूक रोखतो. नात वैतागायची, "आजोबा, नॉट द काऊज अगेन!"

"थांब गं, आज एखादा सुटतोय का बघू."

मी त्यांची शेजारीण. फार्मसीत काम करते, म्हणून त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत मीच भरून द्यायचे. कधी त्यांना गाडीतून ‘ते रापा’ या उपनगराकडे नेलं, की वाटेतल्या कुरणांकडे बघून म्हणायचे, "यांचं बरं आहे. कुंपण दिसतं तरी."

त्यांना मिरजेला बहिणीकडे जायचं होतं, कायमचं. बॅग भरलेली होती. डॉक्टर मुलाशीच बोलत, आणि प्रवासाला डॉक्टरांची हरकत नव्हती. गोळ्या चुकवू नका, विमानतळावर व्हीलचेअर मागा, एवढंच. पण मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला. "तिथे काही झालं तर मी इथून काय करू? ताई, डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले, असं तुम्हीच सांगा. माझं बाबांना पटत नाही."

मी सांगितलं. डबी भरता भरता, वर न बघता.

"डॉक्टर म्हणाले?"

"हो, काका."

त्यांनी डबी माझ्या हातून घेऊन झाकण लावलं. मग म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं झालं. पोरानं सांगितलं असतं, तर मला खोटं वाटलं असतं."

बॅग आम्ही दोघांनी मिळून रिकामी केली. उन्हाळ्यासाठी घेतलेले पातळ सदरे त्यांनी स्वतः घड्या घालून कपाटात ठेवले. मिरजेचं नाव पुन्हा काढलं नाही.

या हिवाळ्यात ते गेले. मिरजेहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मुलाने तो माझ्या हातात दिला. आक्का रडत नव्हत्या. उलट माझीच समजूत घालत होत्या. "डॉक्टरच नको म्हणाले होते ना गं? मग कुणाचा काय इलाज?"

मी पुन्हा हो म्हटलं.