थोरली, धाकटी आणि टकटक

होड्यांच्या आवारात त्यांना सगळे ‘टकटक’ म्हणत. चौतीस वर्षं फायबरच्या जुन्या होड्या दुरुस्त करणारा हा माणूस कशालाही हात लावण्याआधी ती वस्तू ठोकून बघे. खिशात कायम एक चिमुकली हातोडी असायची. तिने होडीची पाठ-पोट ठोकत जायचं, खणखणीत वाजलं तर पुढे सरकायचं, बद्द वाजलं तर तिथे खडूने फुली. आत थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय, असा त्याचा अर्थ. सवय इतकी हाडीमाशी भिनलेली की मुलीला बघायला आलेल्या जावयाची पाठसुद्धा त्यांनी थोपटण्याच्या निमित्ताने वाजवून घेतली होती. पोरगा भरीव निघाला, लग्न झालं.

आता टकटक थकले होते. त्यांच्या गुडघ्यांना शिडी दिसली तरी घाम फुटे. फायबरमधली काचेची पूड मनगटात अशी जिरली होती की अंघोळ करूनही खाज जाईना, आणि खाजवायचाही कंटाळा येई. सोमवारी आवार रिकामं करायचं होतं. जागा दुसऱ्याकडे जाणार होती. मालकांनी जाता जाता एक चांगलं केलं. मागच्या कुंपणाला दोन शिडाच्या होड्या कित्येक वर्षं बेवारशी उभ्या होत्या. ते म्हणाले, “काका, त्यातली एक तुमची. कुठली ते शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा. दुसरी कापावी लागेल.” कापणार कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. आवारात करवत चालवणारे टकटकच होते.

म्हणून शनिवारी दुपारी ते बायकोला घेऊन आले. निवृत्तीनंतर होडीत राहू, ही थाप ते तिला लग्नापासून मारत आले होते, आणि ती थाप खरी करण्याचा हा शेवटचा दिवस होता. बायको वॉर्डात नर्स होती, तीही नुकतीच निवृत्त झालेली. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘झोपा आता’ म्हणत तिची स्वतःची झोप उडाली होती.

“या दोघी का?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “सवती आणायच्या तर तरण्या तरी आणायच्या.”

“थोरली बत्तीस फुटी, धाकटी बावीस,” टकटक अभिमानाने म्हणाले. “वयाने दोघी पन्नाशीच्या आसपास. पण अंग बघ! त्या काळी फायबर किती जाड लागतं ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. भीतीपोटी थरावर थर चढवायचे. आताच्या होड्या म्हणजे नुसता पापुद्रा.”

आधी धाकटी. आत शिरायला बायकोला वाकावं लागलं, मग आणखी वाकावं लागलं, मग धाडकन आवाज आला.

“अहो, ही राहायची होडी आहे की रांगायची?”

“बसलं की डोकं लागत नाही.”

“आणि स्वयंपाक?”

“बसून.”

“कपडे बदलायचे?”

“आडवं होऊन.”

“मरणार पण आडवंच. सोय चांगली आहे.”

पण धाकटीचं एक होतं. शीड एका माणसाला चढवता येई, सुकाणू दोन बोटांवर फिरे, आणि तळ खरवडायचा तर दोन दिवसांत आटपे. थोरलीत मात्र ताठ उभं राहता येत होतं. दोन बिछाने, ओटा आणि संडासाला चक्क कडी लागणारं दार. बायकोने ती कडी तीनदा लावून उघडून पाहिली. त्या कडीपाशी तिचा चेहरा जरा सैलावला, आणि टकटकांनी मनात निकाल देऊन टाकला. शीड ओढताना खांदा निखळला तर निखळू दे, बायको चौतीस वर्षांत प्रथमच नको म्हणाली नव्हती.

आता फक्त ठोकायचं. थोरलीच्या डेकवर गुडघे टेकून ते पुढच्या नाकाडापासून सुरू झाले. टक, टक, टक. खणखणीत. डोलकाठीच्या बुडाला वळसा घातला. खणखणीत.

“थांबा,” बायको म्हणाली. “तिथे परत वाजवा.”

टक, टक.

“हिच्या छातीत पाणी झालंय.”

“काहीतरीच! हा डेक आहे, पेशंट नाही.”

“डॉक्टर छातीवर बोट ठोकायचे तेव्हा मी सव्वीस वर्षं शेजारी उभी होते. हे भरलेलं, बद्द वाजतंय. आणि इकडे... इकडे मोकळं, छान.” तिने स्वतःच बोटाने वाजवून दाखवलं. “ऐकलंत ना फरक?”

टकटकांनी डावा कान लावला, मग उजवा. दोन्ही ठिकाणी तोच आवाज आला. हातोडीचा नव्हे, होड्या घासायच्या ग्राइंडरचा. बंद असतानाही कानात चालू राहणारा, इतका जुना की तो आपलाच आहे हे ते विसरून गेले होते.

त्यांनी ड्रिलने बारीकसं भोक पाडलं. फायबरच्या दोन थरांमधल्या लाकडाचा चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा बाहेर आला.

त्यांनी तो लगदा बोटांत चोळून पाहिला. “किती होड्यांना मी बरं म्हणालो असेन गं,” ते म्हणाले.

संध्याकाळी मालकांच्या खोलीत त्यांनी सांगितलं, “धाकटी.”

“बरं झालं,” मालक चटकन म्हणाले. “थोरलीचा डेक डोलकाठीपाशी गेलाय. आज बोलणारच होतो.”

“तुम्हाला कसं कळलं?”

मालक टेबलावरचा कागद सरळ करू लागले. तो सरळच होता. “तुम्ही जेवायला गेलात की मी एकदा ठोकून घेतो, काका. तीन वर्षं झाली.”

“प्रत्येक होडी?”

“प्रत्येक.”

टकटकांना राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो. उलट खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे कुणी बुडलं नव्हतं. ते परत कुंपणाकडे आले तेव्हा बायको धाकटीत आडवी झाली होती, पाय दाराबाहेर.

“सोमवारी थोरली कापायचीय,” ते म्हणाले.

“ते संडासाचं दार आधी काढून ठेवा. कडीसकट.”

“इथे कुठे बसवणार? जागाच नाही.”

“ते तुम्ही बघा,” ती डोळे मिटून म्हणाली. “आणि आत येताना डोकं सांभाळा. तेवढंच एक अजून ठोकायचं राहिलंय.”