तळाशी बसलेले औषध

वहिनी गेल्याचा फोन धाराशिवहून आला तेव्हा मी ‘केव्हा?’ एवढेच विचारले. त्याला आता महिना होत आला. त्यांच्याविषयी लिहायचे तर एक दुपार सांगावी लागेल.

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सास्तूरला राहत होतो; वडीलबंधू परगावी शिक्षक. त्यांचा लहानगा श्रीपाद तापाने फणफणला, छातीत घरघर लागली. मी उमरग्याहून औषधाची बाटली आणली. तिला डोसांच्या खाचांची कागदी पट्टी डकवलेली होती. ‘दर वेळी हलवून द्या,’ हे कंपाउंडरचे शब्दही घरी सांगितले. आईने बाटली देव्हाऱ्यात ठेवली आणि कोणाला हलवू दिली नाही. देवापुढचे पाणी हिंदकळायचे नसते, तसेच हेही. वरवरचे निवळ औषध ती पूजेच्या पळीत घेई आणि तीर्थासारखे पाजी. पट्टीवरच्या खाचा उतरत गेल्या. ताप उतरला नाही.

शेवटचा डोस उरला. पळीत दाट, पांढरा लगदा पडला... वहिनींनी आईचा हात धरला. सासूला अडवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

“आत्याबाई, हे देऊ नका. सगळ्या बाटलीचं औषध यात उतरलंय.”

“दोन बुकं शिकलीस म्हणून डॉक्टरीण झालीस व्हय? देवाजवळचं आहे ते. सोड हात!”

“नाही सोडणार.”

झटापटीत पळी कलंडली. घरात औषधाचा थेंबही उरला नाही. वहिनी माझ्याकडे वळल्या, “भावजी, उभ्या उभ्या उमरग्याला जा. दुसरी बाटली आणा.”

हमरस्त्यावर मिळेल त्या मालमोटारीत चढलो. जाता-येता एकच विचार होता : पोर गेले, तर ही बाई या घरात कशी जगणार...

परतलो तेव्हा दोघी पोराच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, एकमेकींकडे न पाहता. श्वास चालू होता. वहिनींनी बाटली जोराने हलवली. आई उठली, पळी धुऊन आणली आणि त्यांच्यापुढे धरली. “तूच दे.”

ताप हळूहळू उतरला. त्या दुपारबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

शेवटच्या भेटीत वहिनींची वाचा गेलेली होती. केस पिकलेला श्रीपाद चमच्यात औषध घेऊन समोर बसला होता. त्या ओठ उघडेनात. तो काकुळतीला आला.

“बाटली हलव,” मी म्हणालो.

त्याने चमचा रिकामा केला, बाटली हलवून पुन्हा भरला. वहिनींनी तोंड उघडले.

ती बाटली त्यांच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी अजून आहे. वर निवळ पाणी, तळाशी पांढरा थर.