सोळा एकोणसाठ

मंडळी, एक विचारायचंय.

आज ऑफिसात मासेमारी बोटींच्या ठिकाणांची यादी तपासत होते. हजारो ओळी, सगळ्या मीच टाईप केलेल्या. बघता बघता लक्षात आलं, पॉइंटनंतरचा आकडा कुठेच ५९च्या वर जात नाही.

आपले तांडेल, म्हणजे बोटींचे कप्तान, वायरलेसवर अक्षांश अंश आणि मिनिटांत सांगतात. 'सोळा एकोणसाठ' म्हणजे सोळा अंश, एकोणसाठ मिनिटं; साठ मिनिटांचा एक अंश, म्हणजे जवळजवळ सतरा. मी टाईप करत गेले १६.५९. नकाशाने ते दशांश समजून रत्नागिरीसमोरची बोट पार चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, राजापूरसमोर दाखवली.

गेल्या वर्षी बुडालेल्या बोटीची ओळ उघडली. १६.५९. शोध राजापूरसमोरच घेतला होता. तांडेल बाबल्या सापडलाच नाही.

त्याचे थोरले भाऊ दामूकाका परवाच मला म्हणाले, "बाय, आमच्या बाबल्यानं आकडाच चुकीचा सांगितलान. घाबरला असेल."

तो घाबरला नव्हता. त्याने बरोबर सांगितलं होतं.

आता मांडवीत, काकांच्या घरासमोर गाडीवर बसून हे लिहितेय. आत जायचंय. पहिलं वाक्य काय बोलू, कोणी सांगेल का?