अकरा मालकिणींची डाळमिल

"मालकाला इचारून सांगते," असं म्हणून अक्का मान वळवायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि लगेच उघडून सांगायच्या, "इचारलं. न्हाई म्हनलेत." मालक त्याच आहेत, हे समोरच्याला कळायला जरा वेळ लागायचा. तुम्ही असता तर तुम्हीही फसला असता.

शिरूर अनंतपाळच्या त्या डाळमिलमध्ये अक्कांनी वीस वर्षं डाळ निवडली. मालकानं मिल बंद केली तेव्हा बाया दुसरीकडे कामं शोधू लागल्या. अक्कांनी घरोघर जाऊन त्यांना परत गोळा केलं. अकरा जणींनी संस्था काढली, मिल भाड्यानं घेतली आणि हात वर करून अक्कांना अध्यक्ष केलं. बाया मिल चालवणार म्हणून गाव हसलं. हसणाऱ्यांत मीही होतो. मी तिथला वायरमन.

पहिल्याच दिवशी लातूरचा एक व्यापारी डाळ पाहायला आला. पसंत पडली तरच तो माल उचलणार होता, आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी घाईघाईत मोटारीची जोडणी केली, बटण दाबलं आणि तूर वर नेणारा पट्टा उलटा फिरला. तूर धो धो खाली आली. व्यापाऱ्याच्या चपला तुरीत बुडाल्या.

आधीच्या मालकानं मला तिथंच हाकललं असतं. अक्कांनी तुरीकडे पाहिलं, व्यापाऱ्याकडे पाहिलं.

"बघा सावकार, आमची तूर तुमच्या पाया पडायलीय."

एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग साऱ्याच पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. व्यापाऱ्यानं गंभीर राहायची बरीच कोशिश केली, पण जमलं नाही. डोळे पुसत त्यानं विचारलं, या वायरमनचं आता काय करणार?

त्या दिवशी अक्कांनी डोळे मिटले नाहीत. त्या खरोखरच बायांकडे गेल्या. कोपऱ्यात अकरा डोकी एकत्र आली, कुजबुज झाली, हात वर झाले.

"ठरलं," अक्का म्हणाल्या. "दादाला आधी चहा, मंग शिव्या."

चहा झाला. मी वायरींची अदलाबदल केली, पट्टा सुलटा फिरला, पिवळीधमक डाळ पडू लागली. शिव्याही मिळाल्या, अकरा जणींकडून, पाळीपाळीनं. इतक्या मायेच्या शिव्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या. व्यापाऱ्यानं डाळीचा दाणा दाताखाली धरला आणि माल उचलतो म्हणाला.

गेल्या वर्षी बिलोलीच्या काही बायांनी बंद पडलेली मिरची कांडपाची गिरणी चालवायला घ्यायचं ठरवलं आणि घडी बसवून द्यायला अक्कांना बोलावणं धाडलं. आम्ही सगळे स्टँडवर पोचवायला गेलो. वाटलं, अक्का खिडकीतून हात हलवतील, डोळ्यांना पदर लावतील. तसलं काही झालं नाही. बस हलायच्या आत त्या शेजारच्या अनोळखी बाईला, तिच्या गावात किती जणींना काम नाही, हे विचारत होत्या. बाई अंग चोरून बसली होती. बस फाटकाबाहेर वळली तेव्हा तीच हातवारे करकरून बोलत होती, आणि अक्का मान डोलवत ऐकत होत्या.