ईश्वरीच्या पेनाला लागलेले हात

लाकडाच्या दुकानात भुसा आणि किस्से, दोन्ही न सांगता साठतात. भुसा निदान बंबात जातो. किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहतात. मी घरात नवी, बोलणं कमी. आणि गप्प सुनेसमोर माणसं काहीही बोलतात!

कापूरहोळला आमचं लेथचं, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं दुकान. सासरे, म्हणजे आण्णा, जन्मभर लाटणी आणि पलंगाचे पाय कातत आले. आमच्या ह्यांनी अलीकडे लाकडी पेनं सुरू केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊबाईंच्या ईश्वरीनं जाहीर केलं, "मला पेन करायला शिकवा." कारण जूनमध्ये ती पाचवीत जाणार. चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवीत पेन. आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या हातचं पेन आणणार, असं ती अख्ख्या वर्गाला सांगून बसली होती.

घरात दोन-दोन कारागीर. कितीसा वेळ लागणार!

*

आमच्या घरची शिकवण्याची एक पद्धत आहे. ती मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळली.

जाऊबाईंनी मला भाकरी शिकवायला घेतली. मी पीठ मळायला लागले. "तसं नव्हं गं!" पीठ त्यांच्या हातात. मी थापायला घेतली. "फाटंल ती!" भाकरी त्यांच्या हातात. "तू नुस्तं बघ."

चार महिने झाले, मी बघतेच आहे. पाहुण्यांना त्या सांगतात, "हिला भाकरी म्याच शिकवली!" मी मान डोलावते. भाकरी खरंच छान असते.

*

ईश्वरीला शिकवायचा पहिला मान आण्णांचा. त्यांनी तिला जाड चष्मा घातला, लेथला बाभळीचा तुकडा लावला, तिच्या हातात पटाशी दिली आणि त्या हातावर आपला पंजा ठेवला. आता पंजाबाहेर फक्त पटाशीचं टोक दिसत होतं. पाच मिनिटांनी ईश्वरीनं अवघडलेला हात हळूच काढून घेतला.

आण्णांच्या ते लक्षातही आलं नाही! "तू नुस्तं बघ आता."

पेन झालं देखणं. घरची रीत अशी, की हातची पहिली वस्तू देवाची. आण्णांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. "नातीनं नाव काढलं!"

ईश्वरी माझ्या कानाशी आली. "काकी, ते आण्णांचं हाय, हे देवाला कळंल ना?"

*

मग काकाची पाळी. आमचे हे नव्या पद्धतीचे. ते पटाशीच्या आधी मोबाईल लावतात.

"ईश्वरी, पटाशी धरून उभी राहा. हस. लेथ बंदच राहू दे, आवाज येतो."

पोरगी अर्धा तास बंद लेथसमोर हसत उभी राहिली. पेन ह्यांनी नंतर सावकाश केलं, आणि विकूनही टाकलं. रीलखाली कौतुकाचा पाऊस. "इतक्या लहान वयात केवढी कला!"

ईश्वरीनं रील तीनदा बघितली. "काका, मी पेन केलं ते कुठल्या रीलमधी हाय?"

*

त्या रीलमुळे रविवारी पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या. ह्यांनी लगेच 'मुलांसाठी वर्कशॉप' अशी पाटी लावली.

एक बाबा मुलाला घेऊन आले. "बघ, मोबाईल सोडून जरा हातानं काही करायला शीक!" असं म्हणून त्यांनी पटाशी स्वतः घेतली आणि शूटिंगसाठी मोबाईल मुलाच्या हातात दिला. दोन तास! तीन तुकडे फुटले, बाबा मागे हटेनात.

बाकावर शेजारी बसलेल्या ईश्वरीला त्या मुलानं विचारलं, "तू किती पेनं केलीस?"

"दोन झाली," ती म्हणाली. "पण म्या अजून एक बी केलं न्हाई."

*

शाळेला चार दिवस उरले. वर्गाला काय तोंड दाखवायचं, म्हणून ईश्वरी नीट जेवेना. त्यात गुरुवार, लाईट गेलेली. सगळे शिवऱ्याला लग्नाला गेले. माझं डोकं दुखत होतं आणि तिचं पोट, म्हणून आम्ही मागे राहिलो. दुखत दोघींचंही काही नव्हतं.

दुकानाच्या कोपऱ्यात दोरीनं फिरवायचं जुनं लेथ पडलं होतं. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची. रिफिलसाठी भोकं पाडलेले तुकडे टोपलीत होतेच.

"काकी, तुला येतं कातायला?"

"नाही गं."

"थोडंपण न्हाई?"

"काहीच नाही."

तिचा चेहरा उजळला. "मग तूच शिकव!"

तिनं जाड चष्मा चढवला. मी दोरी ओढत राहिले. दोन तुकडे चिरले, तिसरा टिकला. तिन्हीसांजेला पेन झालं. मधेच पोट सुटलेलं, टोपी एका अंगाला कललेली. पण लिहीत होतं!

लग्नाहून आल्यावर आण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं. त्यांचा दुसरा हात आपोआप पॉलिश पेपरकडे गेला. ईश्वरीनं झटकन पेन काढून पाठीमागे लपवलं.

"आगं, पैली वस्तू देवाची असती."

"देवाला दिलंय की एक. आन् देवाला कुठं पाचवीत जायचंय?"

जाऊबाई तिच्यावर ओरडल्या. आण्णा मात्र देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचं खरं हाय."

*

शाळेचा पहिला दिवस. संध्याकाळी ती आली तेव्हा सगळे ओट्यावर वाट बघत बसलेले.

"लिहिलंस का गं?"

"पानभर लिहिलं. गुरुजी म्हणले, झ्याक पेन हाय. आण हिकडं, ह्याच पेनानं तुझ्या वहीवर सही करतो. आन् हात पुढं केला."

आण्णांचं तंबाखू मळणं थांबलं. ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, "दिलंस ना मग?"

"न्हाई. म्या म्हणलं, गुरुजी, तुमी नुस्तं बघा. सही म्या करते."