मठाचा रांजण

साठ सालानंतरही कुणी रिकामी बाटली घेऊन मठाच्या पायरीवर उभं राहिलं, की सुभद्रा पदर डोक्यावर ओढून आत निघून जाई. नवा रांजण दोनदा लावून पाहिला होता. दोन्ही वेळा नुसता आंबट शिरका झाला. आसव संपलं ते संपलंच.

फोंडाघाटाच्या पायथ्याच्या या मठात ती सतराव्या वर्षी आली, विधवा होऊन, आणि चुलीपुढे बसली ती कायमची. तिला कधी कुणी काही विचारलं नाही. भात किती शिजवायचा, तेही दुसऱ्याने सांगायचं.

मठात तीन संन्यासी होते आणि कोंड्यात गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण. चार स्वामींच्या आधी कुणी एकाने घाटातली मुळं, धायटीची फुलं नि गूळ घालून त्यात औषधी आसव लावलं, तेव्हापासून तो रिकामा झाला नव्हता. तळाशी तांब्याभर जुनं ठेवायचं, त्यावर नवं लावायचं; त्या जुन्याशिवाय नवं साधत नसे. बाळंतिणीसाठी पार देवबागेहून माणसं येत. आसव तयार झालं की नाही, ते रांजणाला कान लावून कळे. थोरल्या स्वामींना कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा त्यांनी ते काम सुभद्रेकडे दिलं. त्या दिवशी बाई जेवली नाही, एवढा आनंद झाला तिला.

चौपन्न सालच्या भाद्रपदात दारूबंदीचा फौजदार दोन शिपाई घेऊन आला. तिन्ही संन्याशांचं चातुर्मासाचं मौन, लिहायचंसुद्धा नाही. मग उरली कोण?

"बाई, हे कसं करता?" फौजदाराने गोड आवाजात विचारलं.

आता इथे गप्प बसावं की नाही! मी अडाणी, माका काय ठावक, एवढं म्हटलं असतं तरी तो चहा पिऊन गेला असता. पण जन्मात पहिल्यांदा कुणी तिला विचारत होतं.

"गूळ नि फुलां घालतंव, सायब. मगे महिनोभर आत फसफसता. कान लावलो तर आयकाक येता. आवाज थांबलो काय तयार. जुनां तितकां कडक! वाटीभर कोणी घेतल्यान तर डोळे फिरतले!"

"आणि हे फक्त तुम्हालाच कळतं?"

"माकाच," सुभद्रा म्हणाली. हसली देखील.

फौजदाराने सगळं लिहून घेतलं, खाली तिचा अंगठा घेतला आणि शिपायांना खूण केली. रांजण उकरून अंगणात आणला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने फौजदाराचे पाय धरले. "तांब्याभर ठेवा, सायब! तळचां तांब्याभर!"

परवाना नाही, म्हणाला तो. काय करणार, कायदाच तसा होता.

थोरले स्वामी दारात उभे होते. सुभद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. औषध आहे, एवढा एक शब्द त्यांनी उच्चारला असता तर! त्यांचे ओठ हलले नि मिटले. आसव मातीत गेलं, वर शिपायाने रांजणही फोडला. दोन दिवस अंगणाला वास येत होता.

कार्तिकीपर्यंत ती शिव्यांची वाट पाहत राहिली. शिव्या मिळाल्या असत्या तर रडून मोकळी झाली असती. मौन सुटलं, तेव्हा स्वामींनी तिलाच आधी हाक मारली.

"सुभद्रा, तू खरं तेच सांगितलंस. मी तोंड उघडलं असतं, तर रांजण वाचवायला, हे चढत नाही, असं खोटं बोललो असतो. म्हणून बोललो नाही."

ती खाली मान घालून म्हणाली, "तेव्हा बोलूक होयां होतां, महाराज."

स्वामींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

ते पुन्हा, मोठ्याने म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि ती चुलीकडे गेली.